ओव्हलसमोरच्या रांगेचे कागद

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडच्या इमारतींचा इतिहास लिहिणे सोपे आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी १८७२, जुने सचिवालय आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट १८७८. त्या सरकारी किंवा सार्वजनिक वास्तू. त्यांच्या कोनशिला, खर्च, देणगीदार, वास्तुकार हे सगळे नोंदलेले आहे. मैदानाच्या पश्चिमेला मात्र राहत्या घरांची रांग आहे: एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू, क्वीन्स कोर्ट, रज्जब महाल, स्वस्तिक कोर्ट. सुमारे २२ एकरांचे मोकळे मैदान समोर, पलीकडे घड्याळाचा मनोरा, आणि मागे चालत पाच-दहा मिनिटांवर समुद्र. देशातल्या महागड्या घरांची यादी कुणीही केली तरी हा पत्ता तिच्यात येतो. ही रांग कुणी उभी केली, याचे उत्तर एका कागदात मिळत नाही. ते रेल्वेच्या, समुद्र भरावाच्या, करवसुलीच्या आणि कोर्टाच्या दप्तरांत विखुरलेले आहे. त्यांतला एक महत्त्वाचा कागद आपल्या बेळगावच्या माणसाचा आहे.

आधी तारीख ठरवू. पहिली साक्ष रेल्वेची. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी एके काळी चर्चगेटला थांबून पुढे कुलाब्यापर्यंत जात असे. कुलाब्याचे मोठे टर्मिनस १८९६ मध्ये उघडले. १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रल सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कुलाबा स्टेशन बंद करण्यात आले. चर्चगेटच्या दक्षिणेचे रूळ त्यानंतर उखडले गेले. आता मुंबईचा नकाशा समोर घ्या, चर्चगेटचे रूळ संपतात तिथे पट्टी ठेवा आणि दक्षिणेकडे रेघ ओढा. ती इरॉस थिएटरजवळून निघून ओव्हलच्या पश्चिम काठाला, याच घरांच्या पट्ट्यात शिरते. रूळ चालू असताना इथे कुणी पाच मजले चढवणे शक्य नव्हते. म्हणून रांगेचा आरंभ १९३१ च्या मागे नेता येत नाही, हे पक्के. एकेक इमारत नेमकी रुळांच्या जागेवर आहे की शेजारच्या भरावावर, हे रेघेवरून सांगता येणार नाही; तिथे मी अनुमानावर थांबतो.

दुसरे टोक शोधायला इरॉसच उपयोगी पडते. त्याचा पाया १९३५ मध्ये घातला गेला आणि वास्तुकार सोहराबजी भेदवार यांनी आखलेले हे थिएटर १९३८ मध्ये उघडले. म्हणजे रांगेचे उत्तरेकडचे तोंड तोवर बांधून झाले होते. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. रांगेची शैली, तिच्या वास्तुकारांची कारकीर्द आणि ही दोन वर्षे एकत्र ठेवली, तर बहुतेक इमारती चौथ्या दशकातच उभ्या राहिल्या असे म्हणायला आधार मिळतो. इतक्या थोड्या काळात, एकाच उंचीची, एका सरळ रेषेतली एवढी घरे खाजगी मालकांच्या स्वतंत्र लहरींतून उभी राहत नाहीत. जमीन देणारा एक असला आणि त्याने अटी घातल्या, तरच असे होते. तो देणारा सरकार होता. जमीन विकली गेली नाही. ती दीर्घ मुदतीच्या सरकारी भाडेपट्ट्याने दिली गेली.

सरकारकडे ही जमीन आली कुठून? इथे बॅकबे भरावाचे दप्तर उघडावे लागते, आणि ते दप्तर फारसे शोभेचे नाही.

बॅकबेचा उथळ उपसागर बुजवण्याचा पहिला डाव १८६० च्या दशकात एका खाजगी कंपनीने मांडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशावर शेअरबाजार फुगला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, बाजार कोसळला आणि कंपनीही बुडाली. दुसरा डाव गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये मांडला. त्यासाठी डेव्हलपमेंट खाते काढले गेले आणि सर जॉर्ज ब्यूकॅनन या अभियंत्याच्या अंदाजावर भिस्त ठेवली गेली. आठ भागांत मिळून ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची होती. बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून नळांतून आणायचा आणि समुद्रभिंतीच्या आत ओतायचा, अशी योजना. ड्रेजर रोज किती गाळ देईल याचा हिशेब कागदावर होता, तेवढा गाळ प्रत्यक्षात कधीच आला नाही. जो आला त्यातला काही भिंतीच्या दगडांमधल्या फटींतून पुन्हा समुद्रात निसटत राहिला. खर्च मात्र निसटला नाही, तो वाढत गेला.

या अपयशाच्या दोन साक्षी आहेत आणि त्यांचे वजन वेगवेगळे आहे. पहिली खुर्शेद फ्रामजी नरिमन यांची. हे वकील आणि राजकारणी. सरकारवर हल्ला करणे हे त्यांचे काम होते, त्यामुळे त्यांच्या भाषणांतला प्रत्येक आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पण डेव्हलपमेंट खात्यातल्या हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. उलटतपासणीतून तावून निघालेली साक्ष भाषणापेक्षा भक्कम असते. दुसरी साक्ष सरकारनेच १९२६ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीची. अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स तिचे अध्यक्ष होते, आणि सदस्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे तेच हे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले होते; पाणी आणि गाळ यांच्याबाबत त्यांना कुणी फसवू शकले नसते. विरोधकाची तक्रार आणि सरकारी समितीची चौकशी मुख्य मुद्द्यावर जुळतात, तेव्हा अंदाज चुकले होते हे वादापलीकडचे मानायला हरकत नाही.

आठांपैकी दोन टोकांचे भागच आधी पुरे झाले, मधले सोडून दिले गेले. दक्षिणेचा कुलाब्याकडचा मोठा तुकडा लष्कराने घेतला. उत्तरेचा चर्चगेटकडचा तुकडा विकसित करून पैसे वसूल करणे सरकारला भागच होते. रेल्वेमार्गाचा शेवटचा तुकडा काढणे हेही या भरावाशीच जोडलेले होते. त्यामुळे ओव्हलची एखादी इमारत जुन्या रुळांवर असो की नव्या भरावावर, तिच्या जमिनीचा उगम एकाच फसलेल्या योजनेत आहे. आणि इतिहासाची गंमत पाहायची तर ओव्हलच्या उत्तर टोकाचा रस्ता आज वीर नरिमन रोड आहे; सोडून दिलेले मधले भाग स्वातंत्र्यानंतर भरले गेले, त्यांतल्या सर्वांत महागड्या टोकाला नरिमन पॉइंट म्हणतात. ज्याने भरावाविरुद्ध लढा दिला, त्याचेच नाव भरावाला मिळाले.

आता या सगळ्याशी बेळगाव-निपाणीचा काय संबंध, हा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईच्या प्रशासनात होता. डेव्हलपमेंट खाते प्रांतिक सरकारचे, म्हणून त्याचा बोजा नुसत्या मुंबई शहरावर नव्हे, साऱ्या इलाख्याच्या तिजोरीवर. निपाणीचा तंबाखूवाला आणि बैलहोंगलचा शेतकरी जो सारा भरत, तो याच तिजोरीत पडे. याहून थेट धागा कापसाचा आहे. याच खात्याने गिरणी कामगारांसाठी चाळी बांधायला घेतल्या आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली. बेळगाव-धारवाडकडचा कापूस मुंबईच्या बाजारात ‘कुमठा’ आणि ‘धारवाड’ या नावांनी विकला जाई. त्याच्या गाठींनी हा रुपया भरला. पण इथे हात आखडता घ्यायला हवा. १८८८ नंतर कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराचा रस्ता खुला होता, आणि काही कापूस गोकाकच्या गिरणीतच संपे. आपल्या भागातला सगळा कापूस मुंबईला गेला असे गृहीत धरून केलेली कुठलीही बेरीज फसवी ठरेल.

त्या रुपयातून उभ्या राहिल्या त्या बीडीडी चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२, एकूण २०७. खोली १६० चौरस फुटांची, शौचालय मजल्यावर सामाईक. ओव्हलच्या घरांची जमीन आणि वरळीच्या चाळी एकाच दशकात, एकाच खात्याच्या दप्तरातून निघाल्या. कागदांवरून दिसणारी ही गोष्ट मला या साऱ्या शोधात सर्वांत बोलकी वाटते. ओव्हलबद्दलचे सचित्र लेखन ती सहसा सांगत नाही. ते छज्ज्यांवर रेंगाळते.

छज्ज्यांबद्दल मात्र तक्रार नाही, ते रेंगाळण्यासारखेच आहेत. खिडक्यांवर भुवयांसारखे वळलेले सिमेंटचे आडवे पट्टे, गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, जिन्याच्या उभ्या काचा, दारावर इमारतीचे नाव ठसठशीत अक्षरांत. आरसीसी बांधकामाने हे शक्य केले. सिमेंट कंपन्यांचे विलीनीकरण होऊन एसीसी १९३६ मध्ये जन्मली, ती याच काळात. वास्तुकारांत गजानन बाबुराव म्हात्रे (१९०२–१९७३) हे नाव आपल्याला जवळचे. एम्प्रेस कोर्ट त्यांचे. मरीन ड्राइव्हवरचे सूना महल त्यांचेच. त्यांच्या कामावर कमू अय्यर यांनी संपादित केलेले इंग्रजी पुस्तक २००० मध्ये निघाले, तोवर या माणसाचे नाव वास्तुकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणी घेत नव्हते. या घरांत राहायला येणारा वर्ग कसा घडत होता याची एक साक्ष नोव्हेंबर १९३७ ची आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले: आधुनिक स्वयंपाकघर, न्हाणीघर, फर्निचर. वाडा आणि बंगला सोडून फ्लॅटमध्ये कसे राहावे याचे ते शिक्षण होते. प्रदर्शन पाहून कुणी ओव्हलवर घर घेतले असे म्हणणे अर्थातच कल्पनेचे काम होईल. पुरावा एवढेच सांगतो की घर आणि गिऱ्हाईक एकाच वेळी तयार होत होते.

मुख्य कागद १९३९ चा. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि अर्थमंत्री झाले अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे. जन्म १८७८, कुरुंदवाडचा, वकिली बेळगावात, कायदेमंडळातही ते बेळगावचेच प्रतिनिधी. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या जडणघडणीत त्यांचा हात होता. कोल्हापूरचे दिवाणपद त्यांनी सांभाळले, शाहू महाराजांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्र लिहिले. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या मुशीत वाढलेला हा माणूस मुंबईच्या तिजोरीवर बसला, तेव्हा त्याच्यापुढचा पेच सोपा नव्हता. काँग्रेसला दारूबंदी आणायची होती. १ ऑगस्ट १९३९ पासून ती मुंबई शहरात लागू झाली. अबकारीचे उत्पन्न जाणार, ते भरून कसे काढायचे? शेतसारा वाढवला असता तर बोजा खेड्यांवर पडला असता. लठ्ठ्यांनी शहराकडे पाहिले. १९३२ च्या मुंबई वित्त कायद्यात दुरुस्ती करून शहरी स्थावर मालमत्ता कर आणला गेला: वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के.

कायद्यात ओव्हलचे नाव नाही, कुठल्याच रस्त्याचे नसते. पण १९३९ मध्ये मुंबईत सर्वांत ताजे, सर्वांत चढ्या भाड्याचे मोठे बांधकाम कुठे होते, हे मागच्या साक्षींवरून आपण ठरवले आहेच. भाडेमूल्यावरच्या कराचा मोठा तडाखा मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या नव्या मालकांना बसला असणार. हे अनुमान आहे, तरी कायद्याच्या रचनेतूनच ते निघते. बेळगावच्या आणि निपाणीच्या साऱ्यातून अंशतः उभ्या झालेल्या जमिनीवरचा नफा बेळगावच्या वकिलाने सरकारी तिजोरीत परत ओढला, असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. लठ्ठ्यांच्या मनात असा हिशेब होता असे मात्र मला म्हणायचे नाही. त्यांच्या मनात दारूबंदीची तूट होती.

मालमत्ताधारक खवळले, विशेषतः पारशी आणि मुसलमान घरमालक. सर बैरामजी जीजीभाई या मोठ्या जमीनदाराने प्रांतिक सरकारला हायकोर्टात खेचले. खटला मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमॉन्ट यांच्या पूर्णपीठासमोर चालला. प्रश्न वरवर तांत्रिक, पण पैज मोठी होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने कराची खाती वाटून दिली होती: जमीन आणि इमारती यांच्यावरचा कर प्रांतांचा, उत्पन्नावरचा कर आणि मालमत्तेच्या भांडवली मूल्यावरचा कर केंद्राचा. जीजीभाईंच्या वकिलांचे म्हणणे असे की भाडेमूल्यावर दहा टक्के घेणे म्हणजे नाव बदललेला प्राप्तिकर. प्रांताला तो अधिकारच नाही. पूर्णपीठाने हे मानले नाही. भाडेमूल्य हे कराचे माप आहे. मापावरून कराचा स्वभाव ठरत नाही. इमारत रिकामी असली, मालकाला छदाम मिळत नसला, तरी कर इमारतीवर आहे. कर टिकला. १९४८ मध्ये रल्ला राम विरुद्ध पूर्व पंजाब प्रांत या खटल्यात फेडरल कोर्टानेही अशाच करापुरता हाच विचार उचलून धरला. हा वाद ज्या इमारतीत झाला ती मैदानाच्या पूर्व काठावर उभी आहे, आणि ‘कोर्ट व्ह्यू’ तिच्याकडे तोंड करून.

मंत्रिमंडळाने १९३९ च्या अखेरीस राजीनामा दिला, लठ्ठे पायउतार झाले, कर राहिला. त्यानंतर या रांगेचे भाग्य बदलले ते दुसऱ्याच कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. त्या दिवशी रांगेतल्या बहुतेक इमारती नुकत्याच भरलेल्या होत्या. पुढच्या पाच दशकांत शहर कुठल्या कुठे गेले, भाडे तिथेच. भाडे गोठले की भाडेमूल्यावरचा करही गोठतो, हा लठ्ठ्यांच्या कराला बसलेला उलटा झटका होता. मालकाने रंग काढायचा बंद केला, भाडेकरूने खोली सोडायची बंद केली, आणि दोघांमधला खरा व्यवहार पागडीच्या रूपाने कागदाबाहेर गेला. इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठी हानी: १९४७ पूर्वी या घरांबद्दल भाडेपावत्या बोलतात, त्यानंतरच्या पावत्यांवरचा आकडा खरा असूनही काही सांगत नाही. एका अर्थाने याच गोठण्याने इमारती वाचवल्या. पाडून उंच टॉवर बांधावा इतका हक्क एका हातात उरलाच नाही. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने गोठलेले भाडे अवाजवी ठरवले, ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा आला. तोवर १९९५ च्या वारसा नियमांनी इमारतींना दुसरे कवच मिळाले होते.

दरम्यान सीमा सरकली होती. बेळगाव १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, आणि फ्लॅटच्या मालकीचे कायदे दोन विधानसभांत वेगवेगळे झाले: महाराष्ट्राचा अपार्टमेंट मालकी कायदा १९७० चा, कर्नाटकाचा १९७२ चा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. घोषणापत्र, सामाईक जागेतला अविभाज्य हिस्सा, सर्व सदनिकाधारकांचा मिळून एक संघ. सांगाडा जवळजवळ एकच आहे. बेळगावच्या टिळकवाडीत आज फ्लॅट घेणाऱ्याला ज्या कागदावर सही करावी लागते, त्याची भाषा पुण्यातल्या खरेदीदाराच्या ओळखीची असते. ओव्हलच्या घरांचे मूळ मात्र याआधीचे. मालकी नव्हे, भाडे हा तिथला पाया. म्हणून ‘आलिशान अपार्टमेंट’ हा शब्द त्यांना आज चिकटवला तरी कायद्याच्या अर्थाने तो सगळ्यांना लागू होत नाही.

शेवटची दोन दप्तरे मैदानाची. १९९० च्या दशकात मैदानाची दुरवस्था झाली होती. समोरच्या इमारतींतल्या रहिवाशांनी ओव्हल कूपरेज रेसिडेंट्स असोसिएशनच्या नावाने हायकोर्टात धाव घेतली, म्हणजे पुन्हा मैदान ओलांडून. पुढे देखभाल त्यांच्याकडे आली, कुंपण आणि पायवाट झाली. ज्यांच्या घरांची किंमत मैदानावर अवलंबून आहे त्यांनीच मैदान सांभाळावे, यात स्वार्थ आहे असे म्हणता येईल. पण क्रिकेटची मुले आजही तिथे खेळतात, हेही त्याच व्यवस्थेचे फळ आहे. ३० जून २०१८ रोजी बहरीनमधल्या मनामा इथे युनेस्कोने ‘मुंबईचे व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह’ जागतिक वारशात घेतले: ९४ इमारती, ६६.३४ हेक्टर. या नोंदीसाठी रहिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावला होता. यादीत पूर्वेचे दगडी हायकोर्ट आणि पश्चिमेची सिमेंटची घरे एकाच दर्जाने बसली आहेत. त्याच डेव्हलपमेंट खात्याच्या २०७ चाळी या ६६.३४ हेक्टरांत कुठेच येत नाहीत. वरळीला त्या पाडून उंच इमारती बांधण्याचे काम सुरू झाले आणि १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या.